तिसऱ्या जागेवरची बायको

लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. माझ्या नवऱ्याने मला तटस्थ व्यक्ती ठरवलं. म्हणजे आवडतीही नाही आणि नावडतीही नाही. बसस्टॉपवर रोज शेजारी उभं राहणारं, पण नाव-गाव ठाऊक नसलेलं कुणी असतं ना, तसं. भांडणात रागाच्या भरात बोलून गेला असता तर मी समजून घेतलं असतं. रागात मीही पुष्कळ बोलते. पण याने मला तिथे बसवलं ते शांतपणे, मांडी घालून, डोळे मिटून, नीट विचार करून. त्याचा राग मला इतक्या वर्षांनीही येतो, आणि तो आला की मी भांडी जरा जोरात आपटते. इथे लिहिताना त्याला 'तो' म्हणते आहे, तोंडावर मात्र आजही 'अहो'च.

हे घडलं वाशीत, ऐंशी सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. तेव्हाची वाशी म्हणजे नंबर घातलेल्या बुटक्या इमारती, त्यांच्यामध्ये गवत माजलेले मोकळे प्लॉट आणि संध्याकाळी खाडीकडून येणारे डास. वारा फिरला की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा. नवरा त्याच रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होता आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे फोन हाताने जोडून देणारी. मी कोकणातली, महाडच्या बाजूची. तो मराठवाड्यातला. विहारातल्या ओळखीतून लग्न जुळलं. आई म्हणाली होती, "एवढ्या लांबचा मुलगा? तिकडं ज्वारी खातात. तुला जमेल का ती भाकरी थापायला?" भाकरी मी महिन्याभरात शिकले. त्याला बोलायला शिकवणं काही जमलं नाही.

बॉयलरवरच्या माणसाने काट्याकडे बघायचं असतं. काटा सांगेल ते करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, नाहीतर स्फोट. कंपनीत हे ठीक आहे. हा घरीही तसाच वागायचा. "जरा दुधाकडे बघा" म्हटलं की दुधाकडे बघायचा. शेजारच्या शेगडीवर डाळ करपून धूर निघाला तरी नजर दुधावरून हटायची नाही. मी ओरडले की म्हणायचा, "तू दुधाचं सांगितलं व्हतंस."

आणि आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तसं झालं. गुरुजींचा मैत्रीचा वर्ग सुरू झाला.

आमचा विहार तेव्हा पत्र्याचा होता, एका मोकळ्या प्लॉटच्या कडेला. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं. वाचायचे ते आमच्या पलीकडच्या इमारतीतले गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. आवाज खणखणीत, धोतर पांढरंशुभ्र आणि शिकवायची खोड अजून गेलेली नाही. त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की नुसतं ऐकून धम्म कळत नसतो. सायकल कशी चालवायची यावर भाषण ऐकून कुणी सायकल शिकलंय का? तेव्हा या वर्षावासात दर रविवारी सकाळी मैत्रीचा सराव. प्रेम ही हातपाय हलवून शिकायची गोष्ट आहे, असं ते म्हणाले, आणि पुरुषांच्या सतरंजीवर पहिल्या रांगेत बसलेला माझा नवरा सरसावून बसला. सूचना मिळणार म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर तेज येतं.

सराव असा होता. मनात चार जागा करायच्या. पहिल्या जागेवर आपण स्वतः. दुसऱ्या जागेवर आपल्याला प्रिय आणि आदरणीय असं माणूस. तिसऱ्या जागेवर तटस्थ माणूस, ज्याच्याबद्दल आपल्याला ना लोभ ना राग. चौथ्या जागेवर विरोधक, ज्याने आपलं वाईट केलं तो. रोज संध्याकाळी थोडा वेळ डोळे मिटून बसायचं आणि एकेकासाठी मनापासून म्हणायचं, हा सुखी होवो, याचं भलं होवो. तिसऱ्या जागेच्या माणसासाठी गुरुजींनी एक जादा काम दिलं होतं. त्याच्याबद्दल रोज एक नवी गोष्ट समजून घ्यायची, कारण ज्याच्याकडे आपण कधी नीट पाहिलेलंच नाही, त्याचं भलं आपण काय चिंतणार?

आणि मग त्यांनी तो नियम सांगितला. "पती-पत्नींनी एकमेकांना दुसऱ्या जागेवर घ्यायचं नाही. तिथे मैत्री कोणती आणि ओढ कोणती, हे नवशिक्याला कळत नाही. दोन्ही एकात एक मिसळतात. निवडलेली माणसं वर्षावास संपेपर्यंत बदलायची नाहीत."

मी स्त्रियांच्या सतरंजीवर होते. गुरुजींच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, माझ्याकडे बघून भुवई उडवली. मला हसू आलं. हसू आलं ते तेवढंच.

दोन-तीन दिवसांनी मी सुकट भाजत होते आणि तो दाराशी बसून चपलेचा अंगठा शिवत होता. मी सहज विचारलं, "अहो, दुसऱ्या जागेवर कुणाला घेतलंत?"

"मास्तरांला. शाळंत चौथीला शिकवायला व्हते ते."

"आणि चौथ्या जागेवर?"

"हाय एक गावाकडचा."

मी पुढे विचारलं नाही. त्याच्या गावात आमच्या लोकांची वस्ती जाळली होती, त्यात यांचं घर गेलं आणि त्यानंतरच तो मुंबईकडे आला, एवढं मला ठाऊक होतं. तो ते कधी बोलायचा नाही. विषय हलका करावा म्हणून मी म्हटलं, "आणि तिसऱ्या जागेवर कोण?"

"तू."

मी झारा खाली ठेवला. "मी? तिसऱ्या जागेवर? तटस्थ?"

"व्हय." त्याने दोरा दाताने तोडला. "बायकूला दुसऱ्या जागेवर बसवायचं न्हाई, असं गुरुजी म्हनले. चौथीवर तू बसत न्हाईस. मग तिसरी राहिली."

"राहिली?"

"रिकामी व्हती," तो म्हणाला.

माझी सुकट करपली. त्याने सांगितलं नाही, कारण त्याला कुणी सुकटीकडे बघायला सांगितलं नव्हतं.

अहो, वाशीत तटस्थ माणसांचा काय दुष्काळ पडला होता? खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी होते, ज्यांना स्कूटर पुसण्यापलीकडे जगात काही दिसायचं नाही. वाशीगावातून पाटी घेऊन येणारी कोळीण होती. पूल ओलांडून येणाऱ्या बसचे कंडक्टर होते. कांदा-बटाट्याच्या मार्केटात तर रोज ट्रकातून तटस्थ माणसं उतरायची. मी त्याला एकेक मोजून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "त्यांला मी वळखत न्हाई."

"तटस्थ म्हणजे तेच हो!"

"वळख न्हाई त्याचं भलं कसं चिंतायचं?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी त्या दिवशी जेवले नाही. त्याने माझं ताट झाकून ठेवलं आणि वेळ झाली तसा भिंतीवरच्या दोन तसबिरींसमोर डोळे मिटून बसला. मला तिसऱ्या जागेवर बसवून माझं भलं चिंतू लागला. ते बघत राहण्यापेक्षा मला कुणीतरी दोन थपडा दिलेल्या परवडल्या असत्या.

माझ्या रागाचं खरं कारण माझ्या नोकरीत होतं. तटस्थ माणसाशी चांगलं वागणं किती स्वस्त असतं, ते मला विचारा. दिवसभर मी तेच करायची. कानाला हेडसेट, समोर बोर्ड आणि आवाजात साखर. "लाइनवर राहा हं." "तीन मिनिटं झाली, चालू ठेवू का?" समोरचा माणूस जगला काय, मेला काय, प्लग काढला की माझ्या लेखी संपला. त्याचं भलं व्हावं असं मला वाटायचंही, अगदी खोटं नाही. पण त्या वाटण्याला वजन नसायचं. नवरा मला तसलं काही देत असेल, तर ते मला नको होतं.

शेवटी मी गुरुजींच्या घरी गेले. तक्रार करायलाच गेले. गुरुजींनी सगळं ऐकलं आणि आधी हसले, मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले. "अगं, पती-पत्नींना दुसऱ्या जागेवर घेऊ नका म्हणालो मी. तिसऱ्या जागेवर घ्या असं कुठे म्हणालो?"

"मग कुठे घ्यायचं?"

गुरुजी विचारात पडले. "सुरुवातीला कुठेच नाही."

आत कपबशी आदळल्याचा आवाज झाला आणि काकू बाहेर आल्या. "तीस वर्सं झाली लग्नाला. अजून तुमची सुरुवातच चाललीय का? मग मी कुठं हाय?"

गुरुजी चष्मा शोधायला लागले. तो त्यांच्या नाकावरच होता. मला आवडलं की निदान हा प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता, पण त्याने माझं काम झालं नाही. गुरुजींनी माझ्या नवऱ्याला बोलावून समजावतो म्हणून सांगितलं, आणि खरंच समजावलं. तो घरी येऊन म्हणाला, "गुरुजी म्हनले, चुकलं."

"मग?"

"पन मधी माणूस बदलायचं न्हाई, असं बी त्यांनीच सांगितलं व्हतं. वर्षावास सरूस्तवर तू तिथंच."

मी हात जोडले. अक्षरशः जोडले.

आता ते जादा काम सुरू झालं. रोज एक नवी गोष्ट. आधी संध्याकाळी घरात भांड्यांचा आवाज तेवढा असायचा. आता तो जेवताना भाकरी मोडता मोडता विचारायचा, "तुमच्या हापिसात पंखा कुठल्या अंगाला हाय?" मी सांगायची. तो मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी, "लहानपनी तुला कशाचं भ्याव वाटायचं?" तिसऱ्या दिवशी, "तू झोपताना उजव्या कुशीला का वळतीस?" दोन वर्षं ज्याने मला 'थकलीस का' म्हणून विचारलं नव्हतं, तो खानेसुमारीला आल्यासारखे प्रश्न विचारत होता. मी चिडून विचारलं, "हे आधी का नाही विचारलंत?" तर म्हणे, "आधी तू बायकू व्हतीस."

हे त्याने खोडसाळपणे म्हटलं नव्हतं, तेच तर दुखलं. बायको होते तोवर मी घरातल्या दारासारखी होते, रोज उघडायचं आणि रोज लावायचं. तटस्थ झाल्यावर माझ्याकडे बघावंसं वाटलं. आणि मला लाज वाटायची ती याची की ते प्रश्न मला आवडायला लागले होते. संध्याकाळी बसमध्ये बसल्या बसल्या मी विचार करायची, आज काय विचारेल? उत्तरं जुळवून ठेवायची. मग आठवायचं की हा वर्गाचा गृहपाठ आहे, आणि घरी पोचेपर्यंत डोकं पुन्हा तापायचं.

त्याच सुमारास महाडच्या एक्स्चेंजला एक जागा रिकामी झाली. वडील गेल्यापासून आई गावी एकटी होती, गुडघ्यांनी बेजार. बदली मागितली तर मिळेल, असं आमच्या सुपरवायझर बाई म्हणाल्या. आधी मी हा विचारही केला नसता. पण आता मनाने घेतलं की जिथे मी तटस्थ आहे तिथे राहायचं कशाला? आईच्या घरात मी कुठल्या जागेवर आहे हे मला डोळे मिटून शोधावं लागत नव्हतं.

तरी मी त्याला विचारलं. खोटं कशाला सांगू, तो नको म्हणेल अशी आशा होती. म्हटलं, "महाडला बदली मिळतेय. आईचं बघायला होईल. वर्ष-दोन वर्षं लागतील. मागू का?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "तुझ्या मनावर हाय."

"तुम्हाला काय वाटतं?"

"तुझं भलं ज्यात हाय ते कर."

बस. एवढंच. बोर्डावर बसून मी दिवसभर लोकांची बोलणी जोडून द्यायची. दुबईहून, नागपूरहून, कुठून कुठून माणसं तीन मिनिटांसाठी खिसा रिकामा करून ओरडायची, "तू कधी येणार?" लाइनमध्ये खरखर असायची, अर्धं ऐकू जायचं नाही, तरी ओरडायची. आणि माझ्यासमोर हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला फुकटात 'जाऊ नकोस' म्हणवत नव्हतं. ओढ नसलेली मैत्री मला नको होती. मला धरून ठेवणारं कुणीतरी हवं होतं. भले मग ते गुरुजींच्या नियमात बसो न बसो. दुसऱ्या दिवशी मी अर्ज देऊन टाकला.

आणि त्याच संध्याकाळी मीही डोळे मिटून बसले. तोवर मी हा सराव धड केला नव्हता. चार जागा केल्या आणि त्याला उचलून चौथ्या जागेवर बसवला. विरोधक. तुम्ही मला रिकामी जागा बघून बसवता काय, मी तुम्हाला नीट निवडून बसवते. त्याच्या शेजारीच, त्याच सतरंजीवर बसून मी हे करत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

पण सराव म्हणजे सराव. विरोधकाचं भलं चिंतायचं तर तोही माणूस आहे हे आधी बघावं लागतं. मला बघावं लागलं. जेवताना सुकट वाढली की तो श्वास रोखून घास घेतो, हे मला तेव्हा दिसलं. दोन वर्षं मी आठवड्यातून दोनदा सुकट करत होते. त्याला तो वास सहन होत नव्हता, आणि हा बाबा एका शब्दाने बोलला नव्हता. मला दया येण्याऐवजी संतापच आला. असं गप्प राहून मला आरोपी करायचं म्हणजे काय! त्याचं भलं चिंतायला बसले की मला हेच सुचायचं. हा सुखी होवो म्हणता म्हणता मी मनात त्याच्याशी भांडत उठायची.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले होते, बाहेर चुलाणावर खिरीचं पातेलं चढलं होतं. वंदना झाल्यावर गुरुजी म्हणाले, ज्यांनी सराव केला त्यांनी अनुभव सांगा. दोघं-तिघं उठून चार चांगली वाक्यं बोलले. मन शांत झालं, झोप लागते, वगैरे. माझी बदली मंजूर झाल्याचा निरोप आदल्याच दिवशी मिळाला होता आणि तो सगळ्यांना कळला होता, कारण काकूंना कळला होता. मी खिरीच्या पातेल्याकडे बघत बसले होते. तेवढ्यात माझा नवरा उभा राहिला.

मला वाटलं पाय अवघडला असेल. हा माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'हजर' म्हणायलासुद्धा लाजायचा.

"चौथं जमलं," तो म्हणाला. खालमानेनेच. "गावाकडचा माणूस हाय. आमचं घर पेटवायला त्योच पुढं व्हता. आधी लई जड गेलं. नाव घेतलं की हातापायाला घाम यायचा. मग एक दिवस त्याची म्हातारी आठवली. तिला दिसत नव्हतं. लहानपनी मी तिला ओढ्यापलीकडं न्यायचो. मग तिच्यापासून धरलं. आता त्याचं भलं व्हावं म्हनता येतंय. पुरतं न्हाई, पन येतंय."

गुरुजींनी चष्मा काढून हातात घेतला. मला वाटलं आता बसेल. तो बसला नाही.

"तिसरं जमलं न्हाई," तो म्हणाला.

"तटस्थ माणूस?" गुरुजी म्हणाले. "अरे, तो तर सगळ्यात सोपा."

"मला बी तसंच वाटलं व्हतं. रोज बसलो, एक दिवस सोडला न्हाई. 'ती सुखी होवो, तिचं भलं होवो' असं म्हनायला जातो. तिचं भलं तिच्या आईकडं जान्यात हाय, ते बी कळतंय. पन आत येतं ते 'तिनं जाऊ नये'. दुसरं कायच येत न्हाई. काल बी तेच आलं." आणि कंपनीत फोरमनला रिपोर्ट द्यावा तसं म्हणाला, "मी केलं सगळं सांगितल्यापरमानं. जमंना." आणि बसला.

स्त्रियांची सतरंजी सगळीच्या सगळी माझ्याकडे वळली. तिसऱ्या जागेवर कोण, हे आता सांगायला नको होतं. काकूंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला. मला रडू आलं आणि त्या रडण्याचाही राग आला. एवढ्या माणसांसमोर! जी गोष्ट मला ऐकायची होती, ती सगळ्या वाशीने माझ्याबरोबरच ऐकली. मी खीर न खाता उठले.

घरी जाताना मी पुढे आणि तो मागे. चिखल चुकवत, प्लॉटमधल्या पायवाटेने. रस्त्याला लागल्यावर मी वळले. "हे मला घरी सांगता येत नव्हतं?"

"तू कुठं इचारलंस?"

"विचारलं नाही? बदली मागू का, म्हणून विचारलं. तुम्हाला काय वाटतं, तेही विचारलं."

"तवा मला वाटलं, तुला सोडनं म्हंजेच खरं. धरलं तर ती ओढ. गुरुजी म्हनले व्हते ना."

"गुरुजी!" मी म्हणाले. आणखीही बरंच म्हणाले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझा दम संपल्यावर मी म्हटलं, "आता विचारते. जाऊ का?"

तो काहीतरी पुटपुटला.

"आवाज येत नाही," मी म्हणाले. कामावरची सवय. "मोठ्याने बोला."

"नको जाऊस!" तो ओरडला. भर रस्त्यात. समोरून सेक्रेटरी स्कूटरवरून येत होते, त्यांनी ब्रेक लावून आमच्याकडे पाहिलं. माझ्या आठवणीत स्कूटर सोडून दुसऱ्या कशाकडे बघण्याची त्यांची ती एकच वेळ.

बदली मी रद्द करून घेतली. सुपरवायझर बाईंनी बोलायचं ते बोलून घेतलं. आईला वाशीला ये म्हटलं तर ती आली नाही. म्हणाली, "माझी इथं चार झाडं हायत, त्यांना पाणी कोण घालील?" तिच्या गुडघ्यांची काळजी पुढे कितीतरी वर्षं मी वाशीत बसून केली, आणि त्या प्रत्येक वेळी मला वाटलं की याने ते दोन शब्द वेळेवर उच्चारले असते, तर मी निदान अर्ज देऊन तिला आशा तरी लावली नसती. प्रेमाची शिस्त शिकायला तीन महिने बसणारा माणूस, आणि बोलायला एक मिनिट नाही. या गोष्टीवरून आमची भांडणं पुढेही झाली.

पण त्या पौर्णिमेच्या दिवसाचं थोडं राहिलं. काकूंनी डब्यातून खीर पाठवली होती. आम्ही समोरासमोर बसून खात होतो. बरंच काही बोलून दाखवल्यामुळे तो थकल्यासारखा दिसत होता. अचानक म्हणाला, "तू बी बसायचीस ना? मला कुठं घेतलं व्हतंस?"

खोटं बोलता आलं असतं. कुठेच नाही, म्हणता आलं असतं, ते गुरुजींच्या नियमातही बसलं असतं. पण मला अजून राग होता.

"चौथ्या जागेवर," मी म्हणाले.

म्हणताना मला गंमत वाटत होती. म्हणून झाल्यावर कळलं की त्याच्या चौथ्या जागेवर कोण होतं ते मी सकाळीच ऐकलं आहे. घर पेटवणारा. त्याने चमचा वाटीत ठेवला. मी वाट बघत होते, उठून जाईल, किंवा निदान एकदा तरी चिडेल. तो माझ्याकडे बघत होता, रोज एक गोष्ट समजून घेताना बघायचा तसाच.

"मग? जमलं का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "अजून नाही."

त्याने मान हलवली आणि उरलेली खीर माझ्या वाटीत ओतली.

"दम धर," तो म्हणाला. "मी कुठं जायलोय?"